पिठाचा कोंबडा आणि कागदाचा ड्रॅगन

सुटीत मुलं ड्रॅगनची, युनिकॉर्नची पिल्लं रंगवतात. मग कुणी कात्री घेऊन "याची मान कापतो" म्हणालं, की आजी ओरडते. सुना हसतात. कागदात कुठला जीव? त्यातून असा प्राणी जगातही नाही!

आजीच्या बाजूने पुरावा आपल्याच जिल्ह्यातला आहे. दहाव्या शतकात मान्यखेटला पुष्पदंत कवींनी अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ रचलं. डॉ. प. ल. वैद्यांनी ते संपादित केलं आणि 1931 साली कारंजा जैन ग्रंथमालेत छापलं गेलं.

यशोधर राजा जीवहत्येला तयार नव्हता. आईच्या हट्टापायी त्याने देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला. रक्ताचा थेंब नाही, पण मनाने कोंबडाच मारला. शास्त्रात याला संकल्पी हिंसा म्हणतात. मग मायलेक मोर, कुत्रा, साप, मासा, मगर अशा योनींत फिरले, मारले गेले आणि शेवटी खरेच कोंबडे झाले. त्यानंतर ते अभयरुची-अभयमती ही जुळी भावंडं म्हणून जन्मले. मारिदत्त राजापुढे बळी द्यायला आणल्यावर याच मुलांनी आपली हकिकत सांगितली, आणि बळी थांबला. प्राण्यांच्या आकाराची साखरेची खेळणी आपल्याकडे खात नाहीत, तेही याच विचाराने.

म्हणून रंगपेटी मात्र लपवू नका. यशोधराच्या कथेच्या सचित्र पोथ्या आपल्याच श्रावकांनी हौसेने करवून घेतल्या आहेत. त्यांत हे सगळे प्राणी रंगवलेले असतात. पान चुकून फाटलं तर रागावू नये. तिथे मारण्याचा संकल्प कुठे होता?