पुढचे युनिट कोणी निर्माण करायचे?

संध्याकाळी घरोघर दिवे लागतात आणि विजेची मागणी वाढते. मोठ्या प्रमाणावर वीज साठवणे आजही महाग आहे. म्हणून मागणी वाढताक्षणी कोणत्या तरी जनित्राने जास्त वीज निर्माण करावी लागते. कोणत्या जनित्राने? या साध्या प्रश्नाचे बरोबर उत्तर सापडायला वीज-उद्योगाला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीट येथे एडिसनचे वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. पुढे एकाच जाळ्याला अनेक जनित्रे जोडली गेली, तेव्हा अभियंत्यांनी सहज सुचणारा नियम स्वीकारला: सर्वांत कार्यक्षम जनित्र आधी पूर्ण क्षमतेने चालवा, मग त्याच्या खालोखालचे. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक जनित्र आधी त्याच्या सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूपर्यंत नेत असत. १९३०च्या सुमारास लक्षात आले, की खरा प्रश्न वेगळाच आहे. आणखी एक युनिट निर्माण करायला किती खर्च येईल, हे पाहायला हवे. याला 'वाढीव खर्च' म्हणतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भार वाढतो तसा प्रत्येक केंद्राचा वाढीव खर्चही वाढतो. 'क' केंद्राचा वाढीव खर्च युनिटमागे १ रुपयापासून सुरू होतो, 'ख'चा २ रुपयांपासून. दोघांतही दर १०० मेगावॅटला १ रुपयाची भर पडते. एकूण मागणी ३०० मेगावॅट आहे आणि 'क'ची क्षमता २५० मेगावॅट आहे. समान भाराला 'क' नेहमीच स्वस्त, म्हणून जुन्या नियमाने 'क'वर २५० आणि 'ख'वर ५० मेगावॅट भार येईल. पण तेथे 'क'चे शेवटचे युनिट साडेतीन रुपयांना पडते, तर 'ख'चे अडीच रुपयांना! मग 'क'चा भार थोडा कमी करून 'ख'चा तेवढाच वाढवला, तर एकूण खर्च उतरतो. असे करत २०० आणि १०० मेगावॅटपर्यंत आलो, की दोन्हींचा वाढीव खर्च ३ रुपये होतो आणि बचतीला वाव उरत नाही. बचत किती? तासाला २५,००० रुपये. विद्यार्थ्यांनी आलेख काढून पडताळून पाहावे.

वाढीव खर्च समान ठेवण्याचा हा नियम लॅग्रांजच्या गुणकांच्या रीतीनेही मिळतो. ही रीत अठराव्या शतकातली. तेव्हा वीजकेंद्रे कोणाच्या स्वप्नातही नव्हती. स्टाइनबर्ग आणि स्मिथ यांनी १९४३ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. मात्र दूरच्या केंद्राची काही वीज तारांतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ही हानी हिशेबात धरण्याचे गणित गॅब्रिएल क्रॉन यांनी १९५०च्या सुमारास विकसित केले. कर्चमायर यांचे पुस्तक १९५८ मध्ये आले. फ्रान्सच्या कार्पेंतिए यांनी १९६२ मध्ये तारांची वहनक्षमता आणि व्होल्टेज यांच्या मर्यादाही याच गणितात गुंफल्या. आज संगणकावरील प्रतिरूपे वर्षातल्या प्रत्येक तासासाठी असे गणित सोडवतात. भारतात आंतरराज्य औष्णिक केंद्रांसाठी अशी पद्धत एप्रिल २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली.

येथे कोयनेचे उदाहरण बोलके आहे. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. पाण्याला इंधनाचा खर्च नाही. मग कोयना दिवसभर का चालवू नये? कारण कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. दुपारी वापरलेले पाणी संध्याकाळी उरत नाही. त्या पाण्याने जेवढा महाग कोळसा वाचू शकतो, तेवढी त्याची किंमत. म्हणून ते अधिकतम मागणीच्या वेळेसाठी राखणे किफायतशीर ठरते.

मात्र खर्चात काय धरायचे, हे गणित सांगत नाही. केंद्राजवळच्या गावावर पडणारी राख आणि धूर इंधनाच्या बिलात नसतात. वरच्या उदाहरणात 'क'च्या धुरापोटी युनिटमागे १ रुपया जास्त धरा: उत्तर १५० आणि १५० मेगावॅट येईल. जनित्रे तीच, मागणीही तीच. तो एक रुपया धरायचा की नाही, आणि धरायचा तर कोणी ठरवायचे, ही चर्चा वर्गात जरूर घ्यावी.