विजेची आडवाट

वळिवाचे ढग दाटले की मराठवाड्यातल्या माकणीच्या शिवारातली माणसं घर गाठतात, झाडाखालची गुरं सोडतात. पाऊस-वारा मोजणारा खांब मात्र उघड्या रानात उभाच राहतो. 2017 पासून महसूल मंडळागणिक राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आणि पीकविम्याच्या हिशेबात त्यांचे आकडे धरले जाऊ लागले. तेव्हा वादळात केंद्र बंद पडलं, तर नेमक्या त्याच दिवसाची नोंद हुकते.

यंत्र आणि वीज यांचं वैर जुनं आहे. बेंजामिन फ्रँकलिनच्या विजेच्या प्रयोगांनी भारावलेल्या भौतिकशास्त्रज्ञ गेऑर्ग रिचमननं सेंट पीटर्सबर्गमध्ये छपरावरच्या सळईची तार थेट खोलीत आणली होती. सळईला विद्युतभार आला की लोखंडी पट्टीला लटकवलेला दोरा वर उचलला जाई. तो किती अंशांनी उचलला, हे मोजायचं. ऑगस्ट 1753 मध्ये वादळ चालू असताना तो वाकून हेच मोजत होता. वीज त्याच तारेनं आत आली आणि रिचमन जागीच गेला. मोजणाऱ्या यंत्रानंच विजेला घरात आणलं होतं!

वीज जमिनीत नेणारी फ्रँकलिनची सळई इमारत वाचवते, आतलं यंत्र वाचवेलच असं नाही. तो धडा दिला तारायंत्रानं. कोसांवर पडलेल्या विजेचा झटका तारेवरून थेट तारमास्तरच्या टेबलावर येई. उपाय निघाला साधा : करवतीसारखे दाते असलेल्या दोन पितळी पट्ट्या, एक तारेला जोडलेली, दुसरी जमिनीला, मध्ये केसभर फट. संदेशाचा क्षीण प्रवाह ती फट ओलांडू शकत नाही. वीज मात्र दात्यांवरून ठिणगीनं उडी मारून जमिनीत जाते. यंत्राला अशा झटक्यापासून वाचवणाऱ्या आजच्या सर्ज प्रोटेक्टरमधली वायूची नळी म्हणजे तीच फट, काचेत किंवा चिनीमातीत बंद केलेली. जोडीला असते झिंक ऑक्साइडची चकती. ती 1960 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये घडली. काही व्होल्टांवर चालणाऱ्या चिपला ठिणगीची वाट पाहण्याइतकाही वेळ नसतो, म्हणून ही चपळ चकती. झटके खाऊन ती झिजते आणि बदलावी लागते.

एवढं करूनही आपल्याकडे घोडं अडतं ते अर्थिंगवर. सर्ज प्रोटेक्टरची पेटी महागाची घेतात आणि अर्थिंगची सळई कुठं ठोकली ते कुणी विचारत नाही. मराठवाड्यात वर काळी माती, खाली बेसाल्ट. उन्हाळ्यात माती भेगाळून सळईपासून सुटते, कोरडा खडक वीज नीट घेत नाही आणि वळीव येतो तो नेमका तेव्हाच. मीठ-कोळशाचा खड्डा करून एप्रिलपासून त्यात पाणी ओतत राहणं, खांब, पेटी आणि सेन्सरच्या वायरचं आवरण एकाच अर्थिंगला बांधणं, ही कामं निविदेत एका ओळीत उरकतात.