चहा आधी हिरवाच होता

गेल्या दिवाळीनंतर आम्ही रक्त तपासून घेतले. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "साखर अजून हद्दीत आहे, पण अगदी काठावर. दुधासाखरेचा चहा कमी करा. हवा तर ग्रीन टी घ्या." संध्याकाळी आम्ही पिशवी घेऊन खंडेराव मार्केट गाठले आणि भाजीवालीला आपल्या बडोदी गुजरातीत विचारले, "लीली चा छे?" तिने हिरव्यागार पात्यांची जुडी पिशवीत टाकली. घरी आल्यावर आईने जुडी हातात घेतली आणि हसत म्हणाली, "अरे, हा तर गवती चहा! हा रोजच आपल्या चहात असतो."

चूक आमची आणि भाषेचीही. गुजरातीत 'लीली चा' म्हणजे शब्दशः हिरवा चहा, पण तो गवती चहाच. सर्दीपडशाला उत्तम, सुगंधी. मात्र त्याचा चहाच्या झाडाशी काही संबंध नाही. ते गवत आणि चहा हे झुडूप. मग खरा हिरवा चहा कोणता, आणि तो आपल्याकडे इतका परका का वाटतो, या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरवला. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा इतिहासावर लेख मागितला, तेव्हा ठरवले की हाच विषय घ्यायचा.

आणखी एक कारण आहे, तेही सांगून टाकतो. आमचे वडील आमच्यासारखेच सरकारी नोकरीत होते. टेबलावरची फाईल हलो न हलो, चहाचा कप हलत असे. पन्नाशीत त्यांना मधुमेह निघाला. जेवणातली साखर त्यांनी सोडली, चहातली सोडवली नाही. घरी आईच्या धाकाने फिका चहा घेत आणि कचेरीखालच्या लारीवर गोड. शेवटच्या काही वर्षांत त्यांना वर्तमानपत्र आम्ही वाचून दाखवत असू. म्हणून डॉक्टरांचे ते 'काठावर' आम्हाला फार लागले.

आता इतिहासाकडे वळू. पहिली गोष्ट ही की हिरवा चहा आणि काळा चहा ही दोन वेगळी झाडे नव्हेत. पान एकच, फरक आहे तो खुडल्यानंतरच्या कृतीत. वांग्याच्या फोडी चिरून तशाच ठेवल्या तर काळ्या पडतात. चहाचे पान चुरडून हवेत ठेवले की त्याचेही तसेच होते आणि काळा चहा तयार होतो. हिरव्या चहासाठी पान खुडल्यावर लवकरच त्याला उष्णता देतात. चीनमध्ये बहुधा कढईत परततात, जपानमध्ये वाफवतात. त्यामुळे काळे पडण्याची क्रिया थांबते आणि पानाचा हिरवेपणा टिकतो. चीनमध्ये शतकानुशतके चहा म्हणजे मुख्यतः हा न काळवलेला चहाच होता. काळा चहा त्याचा फार उशिरा आलेला धाकटा भाऊ.

आठव्या शतकात लू यू नावाच्या चिनी विद्वानाने चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. 'चा जिंग' म्हणजे चहाशास्त्र. त्या काळी पाने वाफवून, कुटून त्यांच्या वड्या करीत आणि मग त्या भाजून, दळून पाण्यात उकळीत. लोक त्यात कांद्याची पात, आले, संत्र्याची साल, पुदिना असे काय काय टाकत. लू यूला हे मुळीच पसंत नव्हते. असल्या चहाला त्याने गटारातल्या पाण्याची उपमा दिली. आपला आले-पुदिन्याचा चहा पाहून तो काय म्हणाला असता, ते न बोललेले बरे! पुढे १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने नजराण्यात चहाच्या वड्या घेणे बंद केले आणि सुटी पाने मागवली. गरम पाण्यात पाने भिजवून पिण्याची आजची रीत त्यानंतर सर्वत्र रुजली.

जपानात चहा रुजवण्याचे श्रेय एइसाई या बौद्ध भिक्षूला देतात. ११९१ मध्ये तो चीनहून परतला, तेव्हा त्याने चहाचे बी आणले असे मानतात. १२११ मध्ये त्याने चहा पिऊन आरोग्य कसे राखावे यावर पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे आपल्याला लगेच पटेल. शरीरातल्या पाच मुख्य अवयवांना पाच चवी लागतात, त्यांत हृदय श्रेष्ठ आणि हृदयाची चव कडू. आमचे लोक कडू खात नाहीत म्हणून त्यांचे हृदय दुबळे राहते, तेव्हा चहा प्या. षड्रसांची परंपरा सांगणाऱ्या आणि पाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. १२१४ मध्ये तिथला शोगुन आदल्या रात्रीच्या मद्यपानाने बेजार झाला होता. एइसाईने त्याला एक पेला चहा आणि सोबत हे पुस्तक पाठवले. म्हणजे चहाने जपानच्या दरबारात प्रवेश केला तो औषध म्हणून, तोही कडू आणि बिनसाखरेचा.

आणि आपल्याकडे? आपल्याकडेही आधी औषध म्हणूनच. १६८९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली त्याच वर्षी, जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सुरतेला उतरला. तिथले व्यापारी वाणी पाण्यात गरम मसाला उकळून चहा घेतात, डोकेदुखी, मुतखडा आणि पोटातली कळ यांवर तो गुणकारी मानतात, कोणी त्यात खडीसाखर तर कोणी मुरवलेले लिंबू घालते, असे त्याने लिहून ठेवले. बडोद्यापासून सुरत फार लांब नाही. आपल्या भागातला मसाल्याचा चहा असा तीनशे वर्षांहून जुना आहे. त्यात मसाला आहे, लिंबू आहे, खडीसाखर आहे. दुधाचा मात्र उल्लेख नाही.

मग हिरवा चहा मागे का पडला? त्यामागे व्यापार आहे. युरोपात आणि अमेरिकेत दोन्ही चहा जात. १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात ज्या पेट्या समुद्रात फेकल्या, त्यांत हिरव्या चहाच्याही होत्या. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतितज्ज्ञाला चिनी वेशात चीनच्या आतल्या भागात पाठवले. परदेशी गिऱ्हाइकाला चहा हिरवागार दिसावा म्हणून कारागीर त्यात निळा रंग आणि जिप्सम मिसळतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. शंभर पौंड रंगवलेल्या चहात अर्ध्या पौंडाहून अधिक असली भेसळ असते, असा हिशेब त्याने मांडला. हिरव्या चहावरचा विश्वास उडायला ही बातमी पुरेशी होती. त्याच सुमारास आसामातले मळे वाढत होते. १८३९ च्या जानेवारीत आसामच्या चहाचा लंडनला पहिला लिलाव झाला होता. हिंदुस्थानातला काळा चहा हळूहळू बाजार जिंकत गेला.

तरीही हिरवा चहा आपल्या देशातून गेला नाही. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १८४९ च्या सुमारास चिनी जातीची रोपे लावली गेली. तिथला हिरवा चहा अमृतसरच्या बाजारातून काबूल आणि मध्य आशियापर्यंत जाई. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने त्या खोऱ्यात सुमारे वीस हजार माणसे दगावली, मळे आणि कारखाने उद्ध्वस्त झाले आणि बहुतेक गोरे मळेवाले निघून गेले. पण लागवड टिकली. २००५ मध्ये कांगडा चहाला भौगोलिक मानांकन मिळाले. काश्मिरातला केशर-वेलचीचा कहवाही हिरव्या चहाचाच. तेव्हा ग्रीन टी हे मॉलमधले परदेशी फॅड आहे, हा समज सोडून द्यावा.

मराठी माणसाच्या चहाची गोष्ट तर गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत यायलाच हवी. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी ही बातमी फोडली, नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते झाली. वाद पानाचा नव्हता, तो कोणाच्या हातून घेतला याचा होता. पण १८९३ मध्ये ज्या टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेतला, त्यांनाच त्याआधी तीन वर्षे एका कपापायी केवढा त्रास झाला! आज त्याच उत्सवाच्या मांडवात आरतीनंतर पहिला प्रश्न असतो, "चहा आला का?"

हा बदल आपोआप झाला नाही. १९०३ मध्ये सरकारने निर्यातीच्या चहावर कर बसवला आणि तो पैसा चहाच्या प्रचारासाठी वापरला जाऊ लागला. पुढे देशातच गिऱ्हाईक तयार करायचे ठरले. स्टेशनांवर आणि बाजारांत चहा करून दाखवणे, स्वस्तात पाजणे, पाट्या लावणे असे प्रयत्न वर्षानुवर्षे चालले. १९३० च्या सुमारास आसामात चहाचे बारीक दाणे करणारे सीटीसी यंत्र निघाले. हा चहा झटपट रंग देतो, कडक होतो आणि दूधसाखर सहज पेलतो. स्वातंत्र्यानंतर तो घरोघर गेला. गांधीजींनी मात्र १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या तुरुंगात आरोग्यावर लिहिताना चहाबद्दल सावध केले होते. चीनमध्ये पाणी उकळूनच प्यावे लागे, तिथे चहाचा खरा उपयोग होता. पण पाने उकळून काढलेला कडक चहा प्रकृतीला बरा नव्हे, असा त्यांचा आशय होता.

म्हणजे आपण ज्याला बापजाद्यांचा चहा म्हणतो तो फार तर तीन-चार पिढ्यांचा आहे. परंपरा म्हणून त्याला धरून बसायचे, तर त्याहून जुनी परंपरा हिरव्या, कडवट, बिनसाखरेच्या पानाची आहे.

आता गुणांविषयी. १९२९ मध्ये मिचियो त्सुजिमुरा या जपानी संशोधक बाईंनी हिरव्या चहातून कॅटेचिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे त्या कृषिशास्त्रातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानमधल्या पहिल्या महिला ठरल्या. १९४९ मध्ये थिआनिन सापडले. चहाने तरतरी येते पण धडधड कॉफीइतकी होत नाही, याचे श्रेय काही अंशी त्याला देतात. २००६ मध्ये जपानमधल्या ४०,५३० प्रौढांची अकरा वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसाला पाच किंवा अधिक कप हिरवा चहा घेणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी दिसले, कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. ही पाहणी आहे, पुरावा नव्हे. चहा पिणाऱ्यांच्या इतर सवयीही चांगल्या असू शकतात. तेव्हा ग्रीन टी पिऊन मधुमेह जातो किंवा महिन्यात पोट उतरते, असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

पथ्येही आहेत. जेवणाबरोबर घेतला तर अन्नातले लोह कमी शोषले जाते. अंगात रक्त कमी असणाऱ्या भगिनींनी जेवणानंतर तासभर थांबावे. त्यातही कॅफिन असते, म्हणून रात्री टाळावा. अर्काच्या गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा पान प्यावे, गोळी नको. औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारावे.

आम्ही डिप्लोमावाले, आकडेमोडीशिवाय समाधान होत नाही. दिवसाला सात कप, कपाला दोन चमचे, चमचा चार ग्रॅमचा धरला तर रोज ५६ ग्रॅम साखर. वर्षाला वीस किलो! जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची सगळी वरची साखर मिळून साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, जमल्यास २५. आम्ही ती नुसत्या चहातच ओलांडत होतो. हा आकडा कागदावर मांडला तेव्हा वडिलांची लारी आठवली.

पहिल्या दिवशी आम्ही हिरवी पाने नेहमीच्या चहासारखी पाच मिनिटे खळखळ उकळली. काढा जिभेवर ठेववेना. मग शिकलो. पाणी उकळले की गॅस बंद करून चार-पाच मिनिटे थांबायचे, मग कपाला एक चमचा पाने टाकून दोन मिनिटांत गाळून घ्यायचे. रंग फिकट पिवळा येतो. वास कोवळ्या मटाराच्या शेंगा सोलल्यासारखा, चव आधी किंचित कडवट आणि मग घशात गोडसर. तीच पाने दुसऱ्यांदाही चालतात. आठवडाभर रुचला नाही, पंधरा दिवसांनी चारच्या ठोक्याला आठवू लागला. यात दूध-साखरेची घाई नाही. कप हातात धरून तो निवेपर्यंत गॅलरीत बसावे लागते आणि ते बसणेच निम्मे औषध आहे असे आम्हाला वाटते.

सकाळचा पहिला कप मात्र आम्ही आजही आईबरोबर आल्याचा आणि 'लीली चा' घातलेला, दुधाचाच घेतो, साखर अर्धा चमचा. बाकीचे हिरवे. गेल्या महिन्याच्या रिपोर्टात आम्ही काठापासून थोडे आत सरकलो आहोत. त्याचे श्रेय हिरव्या पानाला किती आणि न घातलेल्या साखरेला किती, याचा हिशेब डॉक्टरांनाही मांडता आला नाही.

यंदा मांडवात चहाच्या पातेल्याशेजारी गरम पाण्याचा एक थर्मास आणि हिरव्या पानांचा डबा ठेवायची परवानगी आम्ही कार्यकारिणीकडे मागितली आहे. आमचे वडील असते तर त्यांच्यासाठी पहिला कप आम्ही स्वतः भरला असता. आता येणाऱ्या ज्येष्ठांसाठी भरू. गणपती बाप्पा मोरया!