चिमणी खाती जमा

कॉमर्सच्या वर्गात बसलेला एक माणूस पुढे पक्षी पाहत हिंडला, त्याला १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. दुसरा नोटा मोजत बसला, त्याला मानेचा पट्टा मिळाला. दुसरा म्हणजे अस्मादिक. पहिले सलीम अली.

त्यांचा जन्म १८९६ चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी खेतवाडीच्या घरी सांभाळले. मामांना शिकारीचा षोक, म्हणून भाच्याच्या हाती छऱ्याची बंदूक. (माझ्या मामाने मला पावकी-निमकी दिली. परिणाम वर सांगितलाच.) दहाएक वर्षांच्या सलीमने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही खाल्लेली चालते का, असे पोराने विचारले. मामांनाही ती ओळखेना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ सालची ही संस्था. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला तिथले सेक्रेटरी मिलार्डसाहेबांकडे धाडले.

आता विचार करा. साहेब इंग्रज, पोरगा दहा वर्षांचा, हातात कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी. आमच्या काउंटरवर असे कोणी आले असते, तर आम्ही त्याला तीन नंबरच्या खिडकीवर पाठवले असते आणि ती बंद ठेवली असती. मिलार्डने चिमणी ओळखली, ही पीतकंठी. आपण तिला रानचिमणी म्हणतो. मग कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. पुढे ब्रह्मदेशातल्या खाणी झाल्या, कॉमर्स झाले, पण तो पिवळा ठिपका काही सुटला नाही. १९८५ साली आत्मचरित्र आले, त्याच्या नावातही चिमणीच.

माझ्याही नावावर एक चिमणी आहे. १९८९ चा मे महिना, मी तिसरी पास. आजोबांच्या तसबिरीमागे घरटे होते, त्यात पिल्ले. म्हणून आजीने पंखा बंद ठेवलेला. पाहुणे घामाने निथळले तरी ती त्यांच्या हाती विंझणा द्यायची. एका दुपारी मी खेळून घामाघूम होऊन आलो आणि बटण दाबले. टप्प असा आवाज झाला.

आजी रागावली असती तर बरे झाले असते. तिने बटणावर चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "आता बघत बस, पिल्लांकडे कोण येतं ते."

बसलो. अर्ध्या तासाने गळ्याशी काळा डाग असलेला नर चोचीत अळी घेऊन आला. पुन्हा आला. पाटीवर मी रेघा ओढत होतो. माझा पहिला लेजर तो. दिवस मावळेतो पाटी भरली.

दहाएक दिवसांनी तिन्ही पिल्ले उडाली. वडील लगेच पट्टी काढायला उठले.

"राहू दे रे," आजी म्हणाली, "पाऊस येतोच आहे आता."