मँगनीज लोहमिश्रधातू आणि कामगारांचे आरोग्य: विदर्भातील उद्योगाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा तालुक्यातील व लगतच्या औसा तालुक्यातील अनेक गावे नव्याने वसवावी लागली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे दबून गेल्याचा अनुभव ताजा असल्याने सिमेंट व सळईच्या बांधकामावर लोकांचा विश्वास बसला. मुरुम व परिसरात आज कोणतेही घर सळईवाचून उभे राहत नाही. मराठवाड्यात अशा सळईचे मोठे केंद्र म्हणजे जालना. तेथील भट्ट्यांत भंगार व स्पंज आयर्न वितळवले जाते आणि वितळलेल्या रसात अखेरीस सिलिकोमँगनीज किंवा फेरोसिलिकॉन यांचे खडे टाकले जातात. रसातील प्राणवायू काढून टाकणे आणि पोलादाला बळकटी देणे हे या खड्यांचे काम होय. सळई विकत घेणाऱ्यास त्यांचे नावही ठाऊक नसते.

हे खडे तयार करणाऱ्या, फोडणाऱ्या, साठवणाऱ्या व वाहून नेणाऱ्या माणसांना त्यांपासून कोणता अपाय होतो, तो केव्हा ओळखला गेला आणि त्याविषयीचे नियम कसे झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. उद्योगाचा इतिहास बहुधा उत्पादनाच्या आकड्यांत लिहिला जातो. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचा इतिहास मात्र कायद्यांच्या परिशिष्टांत आणि वैद्यकीय अहवालांत विखुरलेला आहे.

खनिज येथील, मिश्रधातू परदेशातील

पोलादात मँगनीजचे महत्त्व १८५६ च्या सुमारास सिद्ध झाले. बेसेमर पद्धतीने तयार झालेले पोलाद तापवून ठोकताना तडकत असे. रॉबर्ट मुशेट याने त्यात मँगनीजयुक्त कच्चे लोखंड मिसळून हा दोष दूर केला. पुढे १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड याने अत्यंत चिवट असे मँगनीज पोलाद तयार केले आणि युरोपात मँगनीजची मागणी वाढली.

ही मागणी पुरवणाऱ्या प्रदेशांत तत्कालीन मध्य प्रांत अग्रभागी होता. नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांत एकोणिसावे शतक संपता संपता खाणकाम सुरू झाले. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत आली. एल. एल. फर्मर यांनी भारतातील मँगनीज साठ्यांवरील बृहद्ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात खनिजाचे बारकावे विपुल आहेत. खनिजाचा मोठा भाग रेल्वेने बंदरावर जाऊन जहाजात चढत असे, आणि त्याचा मिश्रधातू परदेशी भट्ट्यांत होई. म्हणजे येथील कामगाराच्या वाट्याला खाणीतील धूळ आली, तर भट्टीचा धूर बराच काळ दुसऱ्यांच्या वाट्याला गेला.

स्वातंत्र्योत्तर काळात हे चित्र बदलले. मध्य प्रांतातील खाणी चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या मालमत्तेतून १९६२ मध्ये सरकारी भागीदारीची मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी उभी राहिली व १९७७ मध्ये ती पूर्णतः शासकीय झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून पोलाद कारखाने वाढले, तसे कच्चे खनिज विकण्यापेक्षा मिश्रधातू देशातच करावा हा विचार बळावला. कन्हान व तुमसर परिसरात फेरोमँगनीजच्या भट्ट्या आल्या. चंद्रपूर येथे १९७४ मध्ये महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट ही कंपनी स्थापन झाली. पुढे ती भारतीय पोलाद प्राधिकरणाची उपकंपनी झाली व २०११ मध्ये त्यातच विलीन झाली. एक टन सिलिकोमँगनीज करण्यास सुमारे ४,००० युनिट वीज लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे कोळसा, वीज व खनिज जवळ असलेल्या विदर्भातच हा उद्योग का रुजला हे वेगळे सांगावे लागत नाही. उद्योगाबरोबर धूरही स्वदेशी झाला.

एका रात्रीचे मरण

मिश्रधातूच्या धोक्याकडे जगाचे लक्ष प्रथम वेधले ते मँगनीजमुळे नव्हे, तर फेरोसिलिकॉनमुळे. डिसेंबर १९०८ मध्ये अँटवर्पहून ग्रिम्सबीकडे निघालेल्या 'ॲश्टन' या जहाजावर पाच रशियन स्थलांतरितांचा मृत्यू झाला. जहाजात फेरोसिलिकॉन भरलेले होते. या मिश्रधातूत फॉस्फरस व आर्सेनिक यांची अल्प भेसळ असते. ओलसर हवा लागताच तीतून फॉस्फीन व आर्सीन हे जहाल विषारी वायू सुटतात. शिवाय हायड्रोजन सुटून स्फोटाचाही संभव असतो. सुमारे ५० टक्के सिलिकॉन असलेला माल आपोआप ठिसूळ होऊन त्याचा चुरा होतो. अशा चुऱ्यास ओल अधिक लागते, म्हणून तोच सर्वांत घातक ठरला. १९०९ मध्येच कोपमन, बेनेट व हेक यांचा अहवाल ब्रिटिश शासनाला सादर झाला. आज आंतरराष्ट्रीय सागरी नियमावलीत ३० ते ९० टक्के सिलिकॉन असलेला हा पदार्थ 'पाण्याच्या संपर्काने ज्वालाग्राही वायू सोडणारा' या वर्गात असून त्यावर विषारीपणाचीही खूण असते.

कोकणापासून विदर्भापर्यंत चार महिने पावसाळा असणाऱ्या प्रदेशात या नियमाचा अर्थ सरळ आहे. गळक्या पत्र्याखाली हा माल ठेवू नये, बंद गोदामात शिरण्यापूर्वी हवा खेळती करावी, आणि लसणासारखा वास आल्यास तत्काळ बाहेर पडावे. ओला खडा वितळलेल्या रसात पडला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन रस उसळतो, म्हणून तो आधी तापवून कोरडा करावा लागतो. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. खाणीत धूळ बसवण्यासाठी पाणी मारून छिद्रे पाडणे हा कामगाराच्या रक्षणाचा उत्तम उपाय मानला जातो. खाणीत मित्र असलेले पाणी फेरोसिलिकॉनच्या गोदामात वैरी होते.

अनेक वर्षांची इजा

मँगनीजची गोष्ट निराळी आहे. फेरोमँगनीजचा खडा हातात धरल्याने काही होत नाही. तो फोडताना उडणारी बारीक धूळ आणि भट्टीतून रस काढताना उठणारा तपकिरी धूर यांत खरा धोका आहे. भट्टीच्या उष्णतेत मँगनीजची वाफ होते, हवेत तिचे अतिसूक्ष्म ऑक्साइड बनते व ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाते. तेथून ते रक्तात व मेंदूत पोहोचते. ग्लासगो येथील जॉन कूपर यांनी मँगनीज डायऑक्साइड दळणाऱ्या कामगारांच्या पायांतील दुर्बलता, वाकलेली चाल व क्षीण झालेला आवाज यांचे वर्णन १८३७ मध्येच केले होते. १९५५ मध्ये रोडियर यांनी मोरोक्कोतील खाण कामगारांच्या अशाच विकारांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. आरंभी रोगी विनाकारण हसतो वा चिडतो, त्याची झोप बिघडते. पुढे चेहरा भावहीन होतो, पावले अडखळतात. चिलीमधील मँगनीज कामगारांचा अभ्यास करणारे जॉर्ज कोत्झियास यांनीच पार्किन्सन रोगावर लेवोडोपाचा प्रभावी उपचार १९६७ मध्ये पुढे आणला. मँगनीजच्या रोग्यास मात्र त्या औषधाचा फारसा टिकाऊ लाभ होत नाही, असे पुढील अनुभवातून दिसले.

जहाजावरील पाच मृत्यूंनंतर वर्षभरात अहवाल आला. कूपर यांच्या वर्णनानंतर भारतीय कायद्यात या रोगाची दखल येण्यास शतकाहून अधिक काळ लागला. काळाच्या या अंतराचे कारण केवळ शासकीय दिरंगाईत शोधणे पुरेसे नाही. वायूने मरणारा कामाच्या जागीच, इतरांच्या देखत मरतो. मँगनीजने पंगू होणारा मात्र अनेकदा काम सोडून घरी गेल्यानंतर पंगू होतो.

कायदा आणि नोंद

कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात 'मँगनीजची विषबाधा व तिचे परिणाम' यांचा समावेश झाला. अशा रोग्यास तपासणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकास कळवणे कलम ८९ ने बंधनकारक केले. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने लोहमिश्रधातू उद्योगास धोकादायक प्रक्रियांच्या यादीत घातले, कामगारांच्या आरोग्यनोंदी ठेवणे आवश्यक केले आणि हवेतील मर्यादाही ठरवल्या: मँगनीजच्या धुरासाठी आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला १ मिलिग्रॅम, तर धुळीसाठी कोणत्याही क्षणी ५ मिलिग्रॅम. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये श्वासनलिकेच्या टोकापर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म कणांसाठी ०.०२ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. मापनाच्या पद्धती भिन्न असल्याने या आकड्यांचा सरळ भागाकार करणे योग्य नव्हे. तरीही १९८७ नंतर वैद्यकीय ज्ञान कोणत्या दिशेने गेले, हे त्यांवरून स्पष्ट होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने जुन्या अधिनियमाची जागा घेतली. अधिसूचित रोगांची यादी त्या संहितेतही आहे. यादीतील नाव आणि प्रत्यक्ष नोंद यांच्यामध्ये मात्र एक डॉक्टर असतो, आणि तो बहुधा कारखान्याचा नसतो. कंत्राटी कामगार चार-सहा वर्षे भट्टीवर काढून गावी परततो. पुढे हात थरथरू लागले, चाल मंदावली, की गावात त्याला कंपवात म्हणतात. वय झाले असे घरचेही मानतात. पूर्वी कोणते काम केले, भट्टीपासून किती अंतरावर उभे राहावे लागे, धूर ओढून घेणारी यंत्रणा होती काय, हे प्रश्न तपासणीच्या वेळी विचारले गेले नाहीत तर निरीक्षकाकडे सूचना जाण्याचा मार्ग तेथेच खुंटतो. रोगाला व्यवसायजन्य म्हणून मिळणाऱ्या नुकसानभरपाईचा मार्गही त्याच प्रश्नांवरून जातो. त्या काळातील त्याची आरोग्यनोंद, ठेवलेली असल्यास, दूरच्या कारखान्याच्या कपाटात असते.