राजमुखदर्शन : यहुदी परंपरेतील सान्निध्याची खूण

प्राचीन पश्चिम आशियातील दरबारांत राजाचे मुख पाहण्याची मुभा हा नुसता शिष्टाचाराचा विषय नव्हता. माणसाची पायरी तिच्यावरूनच ओळखली जात असे. इजिप्तमधील अमार्ना येथे 1887 मध्ये सापडलेल्या मृत्तिकापत्रांत यरुशलेमचा मांडलिक अब्दी-हेबा याने इ.स.पू. 14व्या शतकात फेरोला लिहिलेली पत्रे आहेत. शत्रूंच्या उपद्रवामुळे आपल्याला दरबारी येणे अशक्य झाले आहे, तेव्हा शिबंदी पाठवावी, म्हणजे आपण येऊन स्वामींचे डोळे पाहू शकू, अशी विनवणी त्यांपैकी एकात आढळते. लष्करी मदतीची मागणीही राजदर्शनाच्या इच्छेच्या रूपाने मांडावी, इतकी ही परिभाषा त्या प्रदेशात रुळलेली होती.

हिब्रू बायबलने, म्हणजे यहुद्यांच्या पवित्र ग्रंथसंग्रहाने, हीच परिभाषा स्वीकारली. एस्तेरच्या पुस्तकात पर्शियाच्या राजाचे मुख पाहू शकणारे आणि राज्यात अग्रस्थानी बसणारे सात सरदार नावानिशी सांगितले आहेत. उलट त्याच राजाच्या आतल्या चौकात बोलावण्यावाचून पाऊल टाकणाऱ्यास, राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला नाही तर, मृत्यूची शिक्षा होती आणि खुद्द राणीही या नियमातून सुटलेली नव्हती. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने यरुशलेम घेतले, तेव्हा पकडून रिब्ला येथे ठार मारलेल्या अधिकाऱ्यांत ‘राजाचे मुख पाहणारे’ असा एक वेगळा गट नोंदला आहे. राजांच्या पुस्तकात त्यांची संख्या पाच आणि यिर्मयाच्या पुस्तकात सात असली, तरी हे राजाचे अगदी आतल्या गोटातील सल्लागार होते, याविषयी दोन्ही ग्रंथांचा मेळ बसतो.

मुखदर्शन नाकारणे ही शिक्षा कशी होऊ शकते, हे दावीद राजा आणि त्याचा मुलगा अबशालोम यांच्या वृत्तांतात सर्वांत ठळकपणे दिसते. सावत्र भावाचा खून करवून अबशालोम गशूरला पळाला आणि तीन वर्षांनी सेनापती यवाबाच्या मध्यस्थीने परत आला; परंतु त्याने आपल्या घरी राहावे, आपले मुख पाहू नये, असा राजाचा हुकूम सुटला. राजधानीत, बापाच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याने दोन वर्षे अशी काढली. यवाबाला दोनदा निरोप धाडूनही तो येईना, तेव्हा अबशालोमाने चाकरांकरवी त्याच्या शेतातील जवाला आग लावली आणि जाब विचारायला आलेल्या यवाबाला बजावले की, आपण दोषी असू तर राजाने आपल्याला मारावे, पण त्याचे मुख पाहू द्यावे. अखेर राजाने त्याला बोलावले, तो जमिनीवर पालथा पडला आणि राजाने त्याचे चुंबन घेतले. नगरात परतणे आणि मर्जीत परतणे या दोन गोष्टींतील अंतर या दोन वर्षांनी मोजले गेले.

देव हाच खरा राजा, ही इस्राएलची श्रद्धा असल्याने दरबारातील ही खूण उपासनेत येणे स्वाभाविक होते. तोरा, म्हणजे मोशेच्या नावाने ओळखली जाणारी पाच पुस्तके, सर्व पुरुषांना वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण असे वर्षातून तीनदा देवासमोर हजर होण्याची आज्ञा देते आणि रिकाम्या हाती येऊ नये, असेही सांगते. ही अट दरबारी नजराण्याची आठवण करून देणारी आहे. मात्र त्याच ग्रंथात देवाचे मुख पाहून माणूस जिवंत राहू शकत नाही, असाही इशारा आहे. हिब्रू लेखनात पूर्वी केवळ व्यंजने लिहिली जात, त्यामुळे या आज्ञेतील क्रियापद ‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ अशा दोन्ही प्रकारे वाचता येते. परंपरेने ‘दिसणे’ हे वाचन कायम केले. मूळ अर्थ देवाचे मुख पाहण्याचाच असावा आणि तो श्रद्धेपोटी सौम्य केला गेला असावा, असे मत 19व्या शतकात अब्राहम गायगर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले. तालमूद या धर्मचर्चांच्या बृहत्संग्रहाने मात्र दोन्ही वाचने एकत्र धरली आणि यात्रेकरू जसा दिसण्यासाठी येतो तसा पाहण्यासाठीही येतो, असे ठरवून एका डोळ्याने अंध असलेल्याला या यात्रेतून सूट दिली.

यरुशलेमच्या मंदिरात मूर्ती नव्हती, तेव्हा यात्रेकरूला प्रत्यक्षात काय दिसे, हा प्रश्न उरतो. तालमूदमधील एका वृत्तांतानुसार सणाच्या वेळी याजक आतले मेज उचलून त्यावरील बारा भाकरी लोकांना दाखवीत. या भाकरींना हिब्रूत ‘मुखाची भाकर’ म्हणत. त्या आठवडाभर तेथे राहूनही काढताना ताज्याच असत, अशी श्रद्धा होती आणि देवाचे आपल्यावर प्रेम असल्याची ती खूण मानली जाई.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले आणि दर्शनाला जाण्याचे स्थानच उरले नाही. तरीही कल्पना टिकली, कारण रब्बींनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या आचार्यांनी, तिला नवी ठिकाणे मिळवून दिली. सणाच्या दिवशी शिष्याने गुरूच्या मुखदर्शनास गेले पाहिजे, असा दंडक झाला. महिन्यातून एकदा नव्या चंद्राचा आशीर्वाद म्हणणे हे स्वर्गीय पित्याच्या मुखाचे स्वागत मानले गेले आणि म्हणून तो आशीर्वाद उभ्याने म्हणावा, असे ठरले. ऐहिक राजा दिसल्यास म्हणण्याचा आशीर्वादही तालमूदने सांगितला असून परकीय राजाच्या दर्शनालाही धावत जावे, असा सल्ला दिला आहे. त्याच ठिकाणी अंध रब्बी शेशेत यांची कथा येते. राजाच्या स्वागताला निघालेल्या रब्बींची एका पाखंड्याने टर उडवली. पहिली आणि दुसरी तुकडी गलबला करीत गेली, तेव्हा राजा आला, असे तो म्हणाला आणि रब्बींनी ते दोन्ही वेळा नाकारले. तिसरी तुकडी निःशब्द आली, तेव्हा मात्र हाच राजा, असे त्यांनी ओळखले. ज्या आज्ञेतून एकाक्षालाही सूट होती, तिच्या नजीकचा मान येथे एका अंधाला डोळसापेक्षा नेमका साधला.

मुखदर्शनाची दारे पुढे आणखी रुंदावली. रब्बी दोस्ताई यांच्या एका प्रवचनानुसार, राजाला मोठा नजराणा नेला तरी तो स्वीकारला जाईल आणि राजाचे मुख दिसेल, याची शाश्वती नसते. पण गरिबाच्या हातावर ठेवलेले एक क्षुल्लक नाणेही माणसाला शेखिनेचे, म्हणजे देवाच्या सान्निध्याचे, मुखदर्शन घडवते. बाराव्या शतकातील तत्त्ववेत्ता मोशे बेन मैमोन याने मात्र दार पुन्हा अरुंद केले. वैद्य म्हणून त्याला रोज फुस्तातहून कैरोच्या राजवाड्यात जावे लागे, त्यामुळे दरबारातील पायऱ्या त्याच्या परिचयाच्या होत्या. आपल्या ग्रंथाच्या अखेरीस त्याने राजवाड्याचा दृष्टान्त दिला आहे : कोणी वाड्याकडे पाठ फिरवून चाललेले, कोणी तटाभोवती दरवाजा शोधत फिरणारे, कोणी देवडीपर्यंत आलेले, आणि आतल्या दालनात पोचलेल्यांनाही राजा दिसण्यासाठी आणखी प्रयत्न करावे लागतात. हे प्रयत्न त्याच्या मते बुद्धीच्या साधनेचे होत.

हासिदी पंथातील आचार्य श्नेउर झाल्मन (1745–1812) यांनी याच प्रतिमेला उलट दिशा दिली. नववर्षापूर्वीच्या एलूल महिन्यात राजा नगरात शिरण्याआधी शेतात असतो, तेथे कोणीही त्याला भेटू शकतो आणि तो सर्वांना हसतमुखाने सामोरा जातो. एकदा तो महालात गेला की निवडक लोकांनाच परवानगी मिळते. दरबारातील पाच-सात जणांपुरता असलेला मान यात्रेकरू, शिष्य, दाता आणि अखेर शेतातील कोणाही माणसापर्यंत पोचवणे, हे यहुदी परंपरेने या राजेशाही कल्पनेत घडवलेले सर्वांत मोठे परिवर्तन होय.