काशीची शिष्यपरंपरा आणि औंढ्याचे यंत्र

पर्वत पाटियात मराठी आणि गुजराती घरे वर्षानुवर्षे शेजारी नांदत आहेत. असाच एक शेजार विज्ञानातही आहे. तो आपल्या मुलांना ठाऊक असावा, म्हणून हा लेख.

मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवत. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर काम करणारे शिष्य त्यांनी तिथे घडवले. १९४२ साली सौराष्ट्रातले प्रल्हाद चुनीलाल वैद्य पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवती गुरुत्वाकर्षण कसे असते, याचे गणित त्यांनी १९४३ मध्ये मांडले. कृष्णविवरांच्या अभ्यासात ते आजही जगभर वापरले जाते.

विष्णुपंतांचे चिरंजीव डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभारली. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकत्र येतात, तेव्हा अवकाशात लहरी उठतात. पण पृथ्वीवर पोहोचेपर्यंत त्या इतक्या क्षीण होतात की यंत्राच्या गोंगाटात हरवतात. म्हणून लहरीचे नमुने आधी गणिताने तयार ठेवायचे आणि गोंगाटात ते शोधायचे. हे नमुने कसे निवडावेत, हे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये दाखवले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो'च्या यंत्रांनी पहिली लहर टिपली. तिची खात्री पटवण्यात अशाच नमुन्यांचा मोठा वाटा होता.

आता पुढचे कोडे कृष्णद्रव्याचे. विश्वातले सुमारे ८५ टक्के द्रव्य दिसत नाही, फक्त त्याची ओढ जाणवते. कृष्णविवरे अशा द्रव्याच्या दाट ढगातून फिरत असतील, तर त्यांना अडथळा होईल, ती लवकर जवळ येतील आणि लहरीची लय नमुन्यापासून किंचित सरकेल. तो फरक मोजता आला, तर न दिसणाऱ्या द्रव्याचा माग लागेल.

त्यासाठी जास्त आणि अधिक अचूक यंत्रे हवीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचे 'लायगो-इंडिया' उभे राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

जयंतराव २० मे २०२५ रोजी गेले. हे यंत्र सुरू झालेले त्यांना पाहता आले नाही. ते चालवायला मात्र माणसे लागतील. नागनाथाच्या दर्शनाला आपण जातोच; पुढच्या वेळी मुलांना ही हकिगतही सांगावी. त्यातला एखादा तरी तिथे कामाला जावा.